नांग्या वेळेवर भरा : शेतातल्या आणि शाळेतल्याही

सभासद बंधू-भगिनींनो,

एरवी या पानावर मी बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे. पण तो माझ्याच घरात घडला, म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही.

गेल्या गळीत हंगामात माझा धाकटा मुलगा चौथीत होता. सकाळी मोटारसायकल काढायची, फड बघायचे, तोडणीच्या तक्रारी ऐकायच्या आणि रात्री घरी यायचे, असे माझे पाच महिने गेले. हंगाम संपला आणि एके दिवशी गुरुजी रस्त्यात भेटले. म्हणाले, "साहेब, पोरगं हुशार आहे, पण भागाकार येत नाही. वाचतानाही अडखळतंय. दिवाळीपासून तीनदा वहीत लिहून पाठवलं. सही आली, माणूस काही आला नाही."

मला उत्तर देता येईना. सही माझीच होती, न वाचता केलेली. "मग घरी का नाही आलात?" असे मी विचारले, तेव्हा गुरुजीही क्षणभर गप्प झाले. म्हणाले, "तेही खरं. मी यायला पाहिजे होतं."

लागणीनंतर उगवण विरळ झाली की आम्ही तुम्हाला सांगतो, नांग्या महिनाभरात भरून घ्या. वेळेवर लावलेले रोप बाजूच्या उसाबरोबर वर येते. उशीर झाला की ते शेजारच्या उसाच्या सावलीत खुरटते. मग कितीही युरिया टाका. मुलाचेही तसेच आहे. तिसरी-चौथीत राहिलेली नांगी सातवी-आठवीत भरायला फार जड जाते. ही नांगी आधी दिसते ती गुरुजींना. पण तिला रोजचे पाणी घरूनच मिळायला हवे. एकट्यादुकट्याचे हे काम नाही.

आपल्याकडे मात्र पालक म्हणतात, "शाळेत घातलंय, आता मास्तर बघतील." मास्तर म्हणतात, "घरी कुणी लक्षच देत नाही." टनेज घटले की शेतकरी बेण्याला नावे ठेवतो आणि आम्ही मशागतीला, त्यातलाच हा प्रकार.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला होता. म्हणजे पालकाची जबाबदारी त्यांनी तेव्हाच ओळखली होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर पालकाला अधिकारही दिला. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि समितीत निम्म्या जागा महिलांना आहेत. पण पुष्कळ ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरते आणि उंबऱ्यावरच सही होते. माझ्यासारखीच, न वाचता.

कुणी म्हणेल, "आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?" शिकवायचे काम गुरुजींचे. आपण तीन गोष्टी करायच्या. वाढे आणायला किंवा रात्रीच्या लाइटीवर पाणी धरायला मुलाला नेऊ नये. रात्री जागलेले पोर सकाळी वर्गात डुलक्याच घेणार. रोज पंधरा मिनिटे त्याचे वाचन ऐकावे. अडखळते कुठे ते न शिकलेल्या आईलाही कळते. आणि महिन्यातून एकदा शाळेत जावे. गुरुजींनाही विनंती, की पालकाला केवळ तक्रार सांगायला बोलावू नये. सभा संध्याकाळी घ्यावी आणि काय कच्चे आहे ते नेमके सांगावे.

आणखी एक. आपल्या फडावर बीडकडून, मराठवाड्यातून तोडणी टोळ्या येतात. आई-बाप पहाटेच फडात जातात आणि मुले कोपीपाशी धाकट्या भावंडांना सांभाळत बसतात. त्या आई-बापांनी शाळेत कधी जायचे? तिथे आपण पालक व्हावे. दाखला नाही म्हणून कोणतीही सरकारी शाळा त्या मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही, असा कायदा आहे. ज्याच्या शेतात टोळी उतरली, त्याने एक चक्कर शाळेत मारली तरी काम होते.

माझ्या मुलाचे विचाराल, तर मे महिन्यापासून आम्ही दोघे रोज संध्याकाळी बसतो. गुरुजीही अधूनमधून चक्कर टाकतात. भागाकार आता येऊ लागला आहे. नांगी उशिरा भरली, म्हणून पाणी मात्र जास्त लागते आहे.

उसाची नोंद द्यायला जसे न चुकता गट ऑफिसला येता, तसे येत्या हंगामात शाळेतही जा, एवढीच विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी