बूट घेण्याआधी काटे बघा

दिवाळी सरली की पुण्या-मुंबईतल्या ट्रेकिंगच्या दुकानांत ‘क्रॅम्पॉनला चालेल असा बूट दाखवा’ ही मागणी सुरू होते. हिमालयात केदारकंठा नाहीतर ब्रह्मतालच्या बर्फात निघालेल्यांची ही मागणी चुकीची नाही, अर्धवट आहे. या वाटांवर भाड्याने मिळणाऱ्या ज्या वस्तूला सगळे क्रॅम्पॉन म्हणतात, ती बहुतेकदा मायक्रोस्पाइक असते: रबरी पट्टा, त्याला साखळ्या आणि जेमतेम सेंटिमीटरभराचे काटे. घोट्यापर्यंत येणाऱ्या कुठल्याही बऱ्या ट्रेकिंग बुटावर हा पट्टा ताणून चढवता येतो. तेवढ्यासाठी महागडा, कडक बूट घेणे ही निव्वळ उधळपट्टी आहे.

खरा क्रॅम्पॉन वेगळा. दहा किंवा बारा लांब काट्यांची ती धातूची चौकट असते आणि तिची गरज टणक बर्फाच्या तीव्र उतारावर लागते. चालताना मऊ बूट चवड्यापाशी वाकतो, चौकट तेवढी वाकत नाही. या ओढाताणीत क्रॅम्पॉन निसटतो, किंवा पुढचा-मागचा भाग जोडणारी पट्टी वाकून वाकून तुटते, आणि तीही नेमकी जिथे पाय घसरायला नको अशा जागी. म्हणून बुटांचे बी-० ते बी-३ आणि क्रॅम्पॉनचे सी-१ ते सी-३ असे वर्ग रूढ झाले. बुटाचा आकडा क्रॅम्पॉनच्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठा हवा. सी-१ पट्ट्यांनी बांधतात. सी-२ ला बुटाच्या टाचेवर खोबण लागते, सी-३ ला पुढे आणि मागे दोन्हीकडे. बी-० वर क्रॅम्पॉन चढवायचाच नाही. बुटाची टाच एका हातात, चवडा दुसऱ्या हातात धरून ओला टॉवेल पिळतो तसा बूट पिळून पाहा. सहज पिळला गेला, तर लेबलवर काहीही छापलेले असो, तो क्रॅम्पॉनचा बूट नव्हे. जोडी जमली का, हे पाहायचे तर चौकट बसवा, पट्टे मोकळेच ठेवा आणि बूट उचलून हलवा. नीट बसलेला क्रॅम्पॉन तरीही बुटाला धरून राहतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, मग एकदाच भारीतला बी-२ घ्यावा, सह्याद्रीतही तोच वापरावा. सह्याद्रीची वाट हे मान्य करणार नाही. आपल्याकडे कातळात खोदलेल्या पावठ्या, घसाऱ्याचे उतार आणि पावसाळ्यात शेवाळलेला बेसाल्ट. तिथे चवड्याला खालचा दगड कळावा लागतो, आणि कडक तळ नेमके तेच कळू देत नाही. शिवाय पायातल्या वजनाने होणारी दमछाक पाठीवरच्या तितक्याच वजनाच्या कित्येक पट असते. उंच बुटामुळे घोटा मुरगळत नाही, हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. टाच आत सरकत असेल तर उंच गळपट्टीही वाचवत नाही; म्हणून बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून आणि उतारावर चालून पाहावा. उतरताना बोटे पुढे टेकली, तर तो बूट परत ठेवावा.

‘एकदाच घ्या, जन्मभर वापरा’ या हिशेबात आणखी एक भोक आहे. अनेक ट्रेकिंग बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असते आणि दमट हवेत ते कपाटात पडल्या पडल्याही विरत जाते. दोन-तीन वर्षांतून एकदा हिमालयासाठी बाहेर निघणारा कोकणातला किंवा मुंबईतला बूट दिसायला नवाकोरा राहतो आणि बेस कॅम्पच्या वर तळ सोडतो. खऱ्या क्रॅम्पॉनची गरज आयुष्यात एखाद्याच मोहिमेला पडणार असेल, तर बूट भाड्यानेच घ्यावेत, आणि ताब्यात घेताना अंगठ्याने तो मधला थर दाबून भेगा पडल्यात का, ते बघावे.