आधी क्वेरी सांगा

परवा पुण्यातल्या एका तरुण टीमने मला मीटिंगला बोलावलं. पोस्टग्रेस हा डेटाबेस काढायचा हे ठरलेलंच होतं. फळ्यावर फक्त ‘मोंगोडीबी की कॅसँड्रा?’ एवढाच प्रश्न उरला होता. मी विचारलं, तुमची सगळ्यात जास्त वेळा चालणारी क्वेरी कोणती? पाचांपैकी एकालाही सांगता येईना. ऑर्डरच्या यादीवर तिथंच एक्सप्लेन चालवलं. एका ग्राहकाच्या चार ऑर्डरी शोधायला अख्खं टेबल वाचलं जात होतं. ग्राहक क्रमांकावर इंडेक्सच नव्हता! तो टाकला आणि रखडणारं पान झटकन उघडलं. याचं खापर पोस्टग्रेसवर फोडून तीन महिन्यांचं मायग्रेशन मंजूर झालं होतं, याचा मला मनापासून राग आला.

त्यांनी दाखला दिला उबरचा. उबरने पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएल का धरलं, हे २०१६ मध्ये सविस्तर जाहीर केलं होतं. ते कारण कुणी वाचलेलं नव्हतं. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की तिची नवी प्रत नव्या जागी लिहिली जाते आणि इंडेक्स त्या जागेकडेच बोट दाखवतात. इंडेक्स असलेला एक जरी रकाना बदलला, तरी त्या टेबलाच्या सगळ्या इंडेक्सांत नवी नोंद करावी लागते. घर बदललं की झाडून साऱ्या नातेवाइकांना पत्ता कळवावा, तसं. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत दुय्यम इंडेक्स प्रायमरी की धरून असतात, त्यामुळे हा निरोप धाडावा लागत नाही. उबरच्या टेबलांवर इंडेक्स पुष्कळ आणि बदल सतत; म्हणून तो खर्च अंगावर आला.

आता त्याच पोस्टग्रेसवर वाढलेलं इन्स्टाग्राम बघा. तिथं फोटो एकदा चढला की त्याची नोंद सहसा बदलत नाही. २०१२ मध्ये फेसबुकने ते एक अब्ज डॉलरला घेतलं तेव्हा माणसं अवघी १३ आणि वापरणारे तीन कोटी. त्यांनी डेटा हजारो लॉजिकल शार्डांत वाटला आणि ६४ बिटांचा आयडी बांधला: ४१ बिट वेळेचे, १३ शार्डचे, १० अनुक्रमाचे. नुसत्या आयडीवरून फोटो केव्हाचा आणि कुठल्या शार्डवर, दोन्ही कळतं. किती साधं आणि किती सुंदर!

निघताना माझा नेहमीचा प्रश्न विचारलाच: बॅकअप शेवटचा कधी रिस्टोअर करून पाहिलात? कधीच नाही. मायग्रेशन तूर्त थांबलंय. येत्या शनिवारी रिस्टोअर करायचं ठरलंय आणि मी स्वतः तिथं बसणार आहे.