भाताच्या कणगीतून पेट्रोलच्या टाकीत

मुंबई हायचे तेल आणि वायू उरणच्या किनाऱ्यावर उतरतात. त्यामुळे इंधन समुद्रातून येते, अशीच रायगडकरांची समजूत. इथेनॉल म्हणजे घाटावरचा ऊस आणि मळी, त्याचे कोकणाला काय? पण आता त्यात तांदूळ आला आहे, आणि तांदूळ म्हटला की रायगडला कान टवकारावेच लागतात.

२०१८ च्या जैवइंधन धोरणाने खाण्यास अयोग्य धान्य आणि तांदळाच्या कणीपासून इथेनॉल करण्यास मुभा दिली. त्याला कोण नाही म्हणेल? २०२० मध्ये मात्र अन्न महामंडळाच्या गोदामातला शिल्लक, चांगला तांदूळही त्यात आला. जुलै २०२३ मध्ये ही विक्री थांबली, २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली. जानेवारी २०२५ मध्ये इथेनॉलसाठी भाव ठरला क्विंटलला २,२५० रुपये. त्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव होता २,३०० रुपये! आणि क्विंटलभर भात भरडला की तांदूळ निघतो सुमारे ६७ किलो. भरडलेला तांदूळ भाताहून स्वस्त, हा हिशेब पेणच्या बाजारात कोणी मांडला तर लोक हसतील. मधला फरक सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच खिशातून जातो.

परदेशी तेल कमी लागावे, हे आम्हालाही हवेच. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रण २०२५ मध्येच साधले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु वाचलेल्या परकीय चलनाचे आकडे जिथे झळकतात, तिथेच या तांदळावर सोसलेला तोटाही छापावा. खारेपाटातल्या शेतकऱ्याला तो वाचता येतो.