थर्माकोलचं धरण पुढे, गोणपाटातलं बी मागे : विज्ञान प्रदर्शनाचं गणित कुठे चुकतं?

सोयाबीन घरात आलं आणि तुरीच्या शेंगा भरायला लागल्या की शाळांमध्ये दुसरा हंगाम सुरू होतो, तो विज्ञान प्रदर्शनाचा. तालुक्यातल्या एखाद्या हायस्कूलच्या मैदानावर मांडव पडतो, टेबलं लागतात, पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली जाते. दोन दिवस गावोगावच्या ग्रुपवर फोटो फिरतात. मग निकाल लागतो आणि सगळे घरी जातात.

निकालाची यादी वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. रंग दिलेलं थर्माकोलचं धरण, इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी, दिवे लागणारी स्मार्ट सिटी. मागच्या साली हेच, त्याच्या मागच्या साली बी हेच. यातली बरीच मॉडेलं यूट्यूबवर बघून केलेली, तर काही तालुक्याच्या दुकानातून तयार आणलेली असतात. आपल्या शेताचा, विहिरीचा, गोठ्याचा प्रश्न घेऊन आलेलं पोरगं मात्र कोपऱ्यातल्या टेबलावर उभं असतं.

गुण कशाला आहेत?

मुलांसाठीचं राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन एनसीईआरटी ही केंद्राची संस्था १९७१ पासून भरवते. तालुका, जिल्हा, राज्य आणि मग देश अशा पायऱ्या आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय पातळीचं पन्नासावं प्रदर्शन पुण्यात बालेवाडीला झालं. म्हणजे तालुक्याच्या मांडवातलं टेबल ही त्या वाटेची पहिली पायरी आहे.

परीक्षणासाठी एनसीईआरटीने गुणांची विभागणी दिलेली आहे. मुलाची स्वतःची कल्पकता २०, नावीन्य १५, शास्त्रीय विचार १५, तांत्रिक कौशल्य १५, उपयोगिता १५. कमी खर्च, टिकाऊपणा आणि ने-आण करण्याची सोय मिळून १०. सादरीकरणाला राहिले १०.

म्हणजे १०० पैकी फक्त १० गुण मांडणीचे आणि बोलण्याचे. मग थर्माकोल आणि पाठ केलेलं भाषण पुढे जातं कसं? एका दिवसात परीक्षकांना ढीगभर टेबलं बघायची असतात. एका टेबलाजवळ दोन-चार मिनिटं मिळतात. तेवढ्यात डोळ्यांत भरतं ते रंगवलेलं मॉडेल, वहीतली नोंद नाही. नियमात खोट नाही, घाईत आहे.

फुकट विजेचं मॉडेल

दरवर्षी एखादं तरी मॉडेल "फुकट वीज" दाखवतं. विहिरीचं पाणी मोटारीने वर चढवायचं, तेच पाणी खाली सोडून जनित्र फिरवायचं आणि त्याच विजेवर पुन्हा मोटार चालवायची. ऐकायला झकास. पण असं होत नाही. पाइपात घर्षण होतं, मोटार तापते, जनित्रातही थोडी ऊर्जा वाया जाते. जेवढी वीज घातली त्यापेक्षा कमीच परत मिळते. मॉडेल चालू राहिलं तर कुठेतरी सेल किंवा वायर लपवलेली आहे असं समजावं.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. असेच व्हिडिओ शेतकऱ्यांच्या मोबाइलवर येतात आणि भारनियमनाने वैतागलेला माणूस पैसे गुंतवायला तयार होतो. हेच मॉडेल जोडून ते किती सेकंद फिरलं आणि का थांबलं, याची नोंद कुणी मुलीने मांडली तर ती खरी शास्त्रज्ञ. पहिला नंबर तिला मिळायला हवा.

शर्यत कुणाशी कुणाची?

राज्यात विद्यार्थ्यांचे गट इयत्तेप्रमाणे पडतात, सहावी ते आठवी आणि नववी ते बारावी. शाळेत काय सोय आहे, हे कुणी बघत नाही. काही शाळांना नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब मिळालेली आहे. तिच्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान असतं. तिथे थ्रीडी प्रिंटर असतो, सेन्सर असतात. त्याच मांडवात आठवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा येते, जिचं विज्ञानाचं साहित्य एका कपाटात मावतं. मॉडेल आणायला भाड्याची गाडी परवडत नाही, एसटीत नेलं तर मोडतं. अशा वेळी चमक मोजली तर कोण जिंकणार हे ठरलेलंच आहे. शास्त्रीय विचार मोजला तरच बरोबरी होऊ शकते, कारण निरीक्षण करायला लॅब लागत नाही.

गोणपाट आणि बाटली

उदाहरण घरातलंच आहे. पेरणीआधी उगवण तपासा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब मोजायचे. सोयाबीनचे ७० किंवा जास्त निघाले तर बियाणं शिफारशीइतकं वापरायला चालतं. कमी निघाले तर जास्त बी लागतं किंवा ते बियाणं सोडून द्यावं लागतं.

आता आठवीच्या पोराने यात एक प्रश्न घातला तर? मळणी यंत्रातून काढलेलं बी आणि काठीने बडवून काढलेलं बी, उगवण कशाची जास्त? सोयाबीनची साल पातळ असते, मार लागला की कोंब दुखावतो. शंभर-शंभर दाणे, तीन-तीन वेळा चाचणी, सगळे आकडे वहीत. खर्च जवळपास शून्य आणि फायदा गावातल्या प्रत्येक घराला. दुबार पेरणीचा फटका ज्याने सोसला त्याला ही किंमत सांगायला नको.

दुसरं उदाहरण पावसाचं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला तर ती अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्याची गाडी तिथून पुढे सरकते. पण एका मंडळात अनेक गावं असतात आणि पाऊस एका शिवारात कोसळतो, शेजारच्या शिवारात ऊन असतं. आपल्या गावात नक्की किती पडला? बहुतेक गावांत याचं उत्तर "लई पडला" एवढंच असतं.

सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून चाडीसारखा उलटा बसवायचा. तळात खडे घालून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरायचं आणि तिथून शून्य धरून बाहेरून पट्टी चिकटवायची. झाड आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर ठेवायची. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान खात्याची दिवसाची नोंद त्याच वेळेला होते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, एकराला सुमारे ४,०४७ लिटर. या नोंदीवर सरकार भरपाई देणार नाही, हे खरं. पण मंडळाचा आकडा आणि गावाचा आकडा यांत किती फरक पडतो, हे चार महिन्यांच्या वहीतून दिसेल. ग्रामसभेत बोलायला हातात कागद असेल.

अशा शिक्षणाचा नमुना महाराष्ट्रात आहे. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं शेती, वेल्डिंग, वीज असली कामं करत विज्ञान शिकतात. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणारे पद्मश्री अरविंद गुप्ता यांचे व्हिडिओ आणि पुस्तकं नेटवर मोफत आहेत, मराठीतही. मोबाइल हातात आहेच, जेसीबीच्या मॉडेलऐवजी हे उघडावं.

दहा हजारांची गोष्ट

पैशाची एक वाट पालकांना नीट माहीत नसते. केंद्राच्या 'इन्स्पायर मानक' योजनेत शाळा पाच कल्पना ऑनलाइन पाठवू शकते. निवड झाली तर मॉडेलसाठी १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. ही योजना तालुका प्रदर्शनापेक्षा वेगळी आहे, दोन्हींत गल्लत करू नये. यात मागतात ती कल्पना, तयार मॉडेल नाही. नाव पाठवणं शाळेच्या हातात असतं, म्हणून मुख्याध्यापकांना पावसाळा सुरू होतानाच विचारावं. खातं चालू आहे का, आधार जोडलंय का, हेही आधीच बघावं.

करता येण्यासारखं

परीक्षकांनी मॉडेलच्या आधी नोंदवही मागावी आणि "यात काय चुकलं, मग काय बदललं?" एवढा एक प्रश्न विचारावा. स्वतः केलेलं पोरगं भडाभडा सांगतं, विकत आणलेलं गप्प होतं. शाळा व्यवस्थापन समितीने आणि ग्रामपंचायतीने मॉडेल न्यायला गाडीची सोय करावी. पालकांनी तयार मॉडेल विकत घेऊन देऊ नये.

आणि प्रदर्शनाची तयारी प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात होत नाही. बियाण्याची चाचणी मे महिन्यात होते, पावसाची नोंद जूनपासून सुरू होते. यंदाचा मांडव उठेल तेव्हाच पुढच्या वर्षीची वही मुलांच्या हातात दिली, तर पुढच्या मांडवात तिच्यात सगळ्या पावसाळ्याचे आकडे असतील.