स्कोअर दहा लाखांचा, तरी फोन का अडखळतो? बेंचमार्कचं गणित समजून घ्या

नवा फोन आला की कॅमेरा आणि बॅटरीच्या जोडीला 'अँटुटू स्कोअर'ही सांगितला जातो. पण भरघोस स्कोअरचा फोनही गेम खेळताना थोड्या वेळात तापतो आणि अडखळू लागतो. मग हा आकडा खोटा असतो का?

स्कोअर नेमका काय मोजतो?
गीकबेंच प्रोसेसरला फाइल कॉम्प्रेस करणं, फोटोवर प्रक्रिया करणं अशी ठरावीक कामं देतं आणि वेगानुसार गुण देतं. अँटुटू प्रोसेसर, ग्राफिक्स, मेमरी यांच्या गुणांची बेरीज करतं. त्यामुळे साधारण प्रोसेसरचा फोनही ग्राफिक्सच्या जोरावर पुढे दिसू शकतो.

मग अडचण कुठे?
अडचण वेळेची आहे. चाचणी काही मिनिटांत आटोपते, गेम तासभर चालतो. बहुतेक फोनमध्ये पंखा नसतो. चिप तापली की सिस्टीम तिचा वेग कमी करते. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे स्कोअर खोटा नसतो, पण तो पहिल्या काही मिनिटांचा असतो.

कंपन्यांवर आक्षेप का?
मार्च २०२२ मध्ये सॅमसंगची 'गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस' वादात सापडली. ती गेम्सचा वेग आवरत होती, बेंचमार्क ॲप्सना मात्र मोकळीक होती. चाचणीच्या ॲपला गेमचं नाव दिल्यावर स्कोअर निम्म्याहून खाली आला. गीकबेंचने गॅलेक्सी एस१०, एस२०, एस२१ आणि एस२२ मालिकांचे स्कोअर यादीतून काढले. नंतर सॅमसंगने अपडेट देऊन निर्णय वापरकर्त्यावर सोडला. त्याआधी जुलै २०२१ मध्ये वनप्लस ९ आणि ९ प्रो यांनाही गीकबेंचने यादीबाहेर केलं होतं.

खरेदी करताना काय पाहाल?
• तुलना एकाच ॲपच्या एकाच आवृत्तीत करा. गीकबेंच ५ आणि ६ चे आकडे जुळत नाहीत.
• स्कोअरमधला थोडाफार फरक रोजच्या वापरात जाणवत नाही.
• थ्रीडीमार्कच्या २० मिनिटांच्या स्ट्रेस टेस्टमधली टक्केवारी पाहा. फोन दमल्यावर किती वेग टिकवतो, हे त्यातून कळतं.

ग्राहक पैसे मोजतो ते रोजच्या वापरासाठी. त्यामुळे जाहिरातीत कमाल स्कोअर छापणाऱ्या कंपन्यांनी विसाव्या मिनिटाचा स्कोअरही त्याच टायपात छापायला हवा. तोवर दुकानात हा प्रश्न विचारणं ग्राहकाच्याच हाती आहे.