पाटाची पाळी आणि विजेची गाडी

वाट पाहण्याच्या बाबतीत शेतकऱ्याचा हात कोणी धरू शकणार नाही. पावसाची वाट, ऊसतोडीच्या टोळीची वाट, पाटाच्या पाण्याची वाट आणि मोटार चालू करायला रात्री-अपरात्री येणाऱ्या लाइटची वाट. सारा जन्म त्यातच जातो. आता या यादीत आणखी एक भर पडली आहे. ती म्हणजे विजेवरच्या मोटारगाडीची बॅटरी भरण्याची वाट. "आम्हाला काय करायचे त्याच्याशी?" असे म्हणू नका. हिरव्या नंबरपाटीच्या गाड्या आता तालुक्याच्या बाजारात उभ्या दिसतात. आज शेजाऱ्याच्या दारात आली, उद्या आपल्या जावयाच्या येईल. आमच्या घरात तर ती आलीच.

गाडी घेतली पुतण्याने, बँकेचे कर्ज काढून. थोरल्या दादांना ते मुळीच पसंत नव्हते. "लाइटीच्या भरवशावर मोटर चालत न्हाई, गाडी कशी चालायची?" एवढे एकच वाक्य बोलून ते गोठ्यात निघून गेले. दादा तसे कमीच बोलतात. दोन वर्षांपूर्वी घशाचे दुखणे निघाले, परळला मोठे उपचार झाले, तेव्हापासून आवाज बसका झाला आहे. दर सहा महिन्यांनी तपासणीला मुंबईस जावे लागते. या खेपेस पुतण्या म्हणाला, "आबा, आपल्याच गाडीतनं जाऊ." वहिनींनी भाकरी बांधल्या, मीही बरोबर निघालो.

आमचे गाव कराडच्या अलीकडे, कृष्णा कालव्यावर. तिथून परळ सव्वातीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. दुपारी दोनला डॉक्टरांनी बोलावले होते. ती वेळ चुकली की पुढची तारीख कधी मिळेल याचा नेम नसतो.

आता थोडा हिशेब समजून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. आपल्या वीजबिलात जे युनिट असते, तेच या बॅटरीचे माप. आमच्या गाडीत ४० युनिट मावतात. कागदावर गाडी साडेचारशे किलोमीटर जाते असे लिहिले आहे. पण चार माणसे, गार हवेचे यंत्र चालू आणि हायवेचा वेग, अशा वेळी एका युनिटला सहा ते सात किलोमीटर धरावे. म्हणजे भरलेली गाडी पावणेतीनशेच्या आतच. घरी पंधरा अँपिअरच्या प्लगवर तासाला तीन युनिटांच्या आसपास वीज गाडीत जाते. आदल्या दिवशी दुपारी लावली, ती पहाटे पूर्ण भरून मिळाली. वाटेत एकदाच भरायचे आणि मुंबई गाठायची, असा बेत होता.

पहाटे पाचला निघालो. गाडीला ना आवाज, ना धूर. खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत दादांना डुलकी लागली होती. पुणे मागे पडले, आणि ठरल्या थांब्यावर सव्वानऊला पोचलो. पाहतो तर भरायचे यंत्र बंद! मोबाइलवर ते चालू दाखवत होते, प्रत्यक्षात पडद्यावर अंधार. तिथल्या पोऱ्याने सांगितले, "कालपासून बंद आहे, साहेब." गाडीत २९ टक्के उरले होते आणि परळ अजून सव्वाशे किलोमीटरच्या घरात. पुतण्याचा चेहरा उतरला. दादा काही बोलले नाहीत. मला मात्र त्यांचे ते गोठ्यातले वाक्य आठवले.

मोबाइलवर शोधून लोणावळ्याच्या एका हॉटेलाशी फोनवर बोललो. यंत्र चालू आहे असे त्यांनी तोंडी सांगितले, तेव्हा निघालो. पावणेदहाला तिथे पोचलो तेव्हा २० टक्के होते. यंत्र चालू होते, पण गन एकच. ती एका पांढऱ्या गाडीला लावलेली, आणि मालक आत न्याहारीला. तिच्यामागे हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे, म्हणजे भाड्याची गाडी उभी. तिच्यानंतर आम्ही.

पांढरी गाडी ८६ टक्के भरली होती. मालक बाहेर आले आणि म्हणाले, "शंभर झाल्याशिवाय काढणार नाही. पैसे भरलेत मी." भाड्याच्या गाडीचा चालक तापला. त्यालाही विमानतळावर माणूस घ्यायला जायचे होते. शब्दाने शब्द वाढला. पुतण्या माझ्या कानात म्हणाला, "काका, आबांचं दवाखान्याचं सांगू का? मग आपल्याला अगोदर देतील." ते दादांच्या कानावर गेले. बसक्या आवाजात म्हणाले, "दुखण्याचं भांडवल करू नगं. पाळी ती पाळी."

मग ते त्या मालकांकडे गेले आणि विचारले, "साहेब, गेल्या दहा मिनिटांत किती भरलं?" मालकांनी पडद्याकडे पाहिले. आकडा जेमतेम तीन-चार टक्क्यांनी हलला होता.

दादा म्हणाले, "आमच्याकडं वाफा भरत आला की दार बारीक करावं लागतं, न्हाई तर वरंबा फुटतो. तुमच्या बॅटरीचं तसंच दिसतंय. आता ती घोट घोट पिणार. तेवढ्या वेळात या भावाची निम्मी गाडी भरंल. तुम्हाला कुठवर जायचं?"

"पनवेलला."

"मग हाय तेवढ्यात दोनदा जाऊन याल की."

मालक क्षणभर गप्प राहिले. मग हसले आणि त्यांनी स्वतःच गन काढली. दादांनी पुढचेही ठरवून टाकले. प्रत्येकाने आपल्या मुक्कामापुरते आणि वर थोडे, एवढेच घ्यायचे. टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचले तर पाट सगळ्यांचा, नाही तर तो वरच्या चौघांचा. भाड्याच्या गाडीने साठ टक्क्यांवर जागा सोडली. आम्हीही साठावर थांबलो. साडेअकराला निघालो. खंडाळ्याचा घाट उतरताना टक्के कमी होण्याऐवजी एकाने वाढलेच, कारण उतारावर गाडीची मोटर उलटी वीज तयार करून बॅटरीत घालते. दीड वाजता परळला हजर होतो. डॉक्टरांनी तपासले, ठीक आहे म्हणाले, सहा महिन्यांनी बोलावले.

मंडळी, दादांनी विजेचे पुस्तक वाचले नव्हते. पण त्यांनी सांगितले ते शंभर टक्के खरे निघाले. या बॅटऱ्या ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर भरतात. पुढे बॅटरीला इजा होऊ नये म्हणून गाडी स्वतःच वीज कमी घेते. म्हणून लांबच्या वाटेवर एकदाच काठोकाठ भरण्यापेक्षा दोनदा थोडे-थोडे भरणे वेळेच्या हिशेबाने स्वस्त पडते. शंभर टक्के भरायची जागा म्हणजे आपले घर, आणि वेळ म्हणजे रात्र.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे किंवा येणार आहे, त्यांनी आणखी काही गोष्टी गाठीला बांधून ठेवाव्यात.

भरायचे यंत्र दोन तऱ्हेचे असते. एक सावकाश भरणारे, त्यावर रात्रभर गाडी लावावी. दुसरे जलद भरणारे, ते तीस, साठ किंवा त्याहून जास्त किलोवॉटचे. हायवेवर कामाचे ते दुसरेच. आपल्याकडच्या आजच्या मोटारगाड्यांना बहुतेक करून "सीसीएस २" नावाची गन लागते. जुन्या काही यंत्रांची गन वेगळी असते, ती बसत नाही. तेव्हा यंत्र आहे एवढ्यावर न जाता गन कोणती आणि किती किलोवॉटची, हे विचारून घ्यावे.

वीस टक्क्यांच्या खाली उतरायची पाळी आणू नये. पहिला थांबा बंद निघाला तर दुसरा कोणता आणि तिथवर गाडी जाईल का, हे निघण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवावे. घाट चढायचा असेल तर हिशेबात जास्तीची वीज धरावी. मोबाइलवरच्या हिरव्या खुणेवर विसंबू नये, फोन करून माणसाच्या तोंडून ऐकावे. बऱ्याच ठिकाणी पैसे मोबाइलच्या अॅपमधूनच कापले जातात, आणि रेंज नसली की सगळे अडते. म्हणून दोन-तीन अॅप घरूनच उतरवून त्यात थोडे पैसे भरून ठेवावेत.

खर्चाचे म्हणाल, तर लोणावळ्यात १६ युनिटांचे करासह ३७० रुपये झाले. घरच्या मीटरवर पुष्कळ कमी लागतात, पण युनिट वाढले की बिलाचा टप्पाही बदलतो हे ध्यानात असू द्या. घरी भरताना स्वतंत्र जाड वायर आणि पक्की अर्थिंग हवी. लोंबत्या बोर्डावरून भरणे म्हणजे आगीला आवतण. आणि एक कानमंत्र: शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावण्याचा मोह धरू नका. विद्युत कायदा २००३ प्रमाणे तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो, आणि दंड बसला की सगळी बचत त्यात जाते.

हायवेला ज्यांचे हॉटेल किंवा धाबा आहे, त्यांनाही एक सांगतो. असे सार्वजनिक स्टेशन काढायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे. हायवेवर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक स्टेशन असावे, असे २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. पण स्टेशन उभे करणे सोपे, ते चालू ठेवणे अवघड. बंद यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला सूचनांचा कागद कामी येत नाही.

परत येताना दादा पुढच्या सीटवर बसले होते. सातारा जवळ आला तेव्हा पुतण्याने भीत भीत विचारले, "आबा, गाडी कशी वाटली?"

दादांनी पडद्यावरचा आकडा बघितला आणि म्हणाले, "गाडी बरी हाय. माणसांना पाळी शिकवाय पायजे."

पुढच्या सहा महिन्यांच्या तपासणीला याच गाडीतून जायचे, असे त्यांनी वहिनींना परस्पर सांगून टाकले आहे.