न काढलेला मुद्दा

खऱ्या खटल्यावर ऐतिहासिक कादंबरी लिहायची असेल तर ती शंभर-सव्वाशे पानांत संपली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आमच्या बार रूममध्ये हे बोलले की कुणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, तुमचा लेखी युक्तिवाद मात्र चाळीस पानांचा असतो." असतो ना. पण त्यातली निम्मी पानं पक्षकाराच्या समाधानासाठी असतात, हे न्यायाधीशांनाही ठाऊक असतं. कादंबरीला पक्षकार नसतो. तरीही आपली ऐतिहासिक कादंबरी सहाशे पानांखाली उतरायला तयार नाही. शालू, शिरपेच, पंगती आणि चौघडे यांतच दोनशे पानं जातात, आणि ज्या खटल्यासाठी पुस्तक हातात घेतलं तो येईतो वाचकाला जांभई आलेली असते.

माझ्या या मतामागे एक लहानसं पुस्तक आहे. अमेरिकन लेखिका जॅनेट लुईस हिनं 1941 साली 'द वाइफ ऑफ मार्टिन गेर' ही कादंबरी लिहिली. शंभरेक पानांची. परिस्थितिजन्य पुराव्याच्या गाजलेल्या खटल्यांचा एक जुना इंग्रजी संग्रह तिच्या हाती लागला होता, त्यातला हा सोळाव्या शतकातला फ्रेंच खटला. आर्तिगा नावाच्या गावातला मार्टिन गेर हा खात्यापित्या घरचा शेतकरी. बापाच्या कणगीतलं धान्य चोरल्याचा ठपका आला आणि 1548 मध्ये तो बायको बर्ट्रांड आणि तान्हा मुलगा मागे ठेवून निघून गेला. आठ वर्षांनी 'मार्टिन' परतला. बहिणींनी ओळखलं, काकानं ओळखलं, बायकोनं घरात घेतलं. संसार तीन वर्षं नीट चालला, मूलबाळ झालं. मग पुतण्यानं काकाकडे जमिनीच्या उत्पन्नाचा हिशेब मागितला आणि काकाला एकाएकी साक्षात्कार झाला की हा आपला पुतण्याच नव्हे! हे वाचताना मला हसू आवरेना. वाटपाच्या दाव्यात नाती नेमकी हिशेब मागितल्यावरच कशी संशयास्पद होतात, हे दिवाणी वकिलाला सांगायला फ्रान्स कशाला हवा?

रियू इथल्या कोर्टात सुमारे दीडशे साक्षीदार तपासले गेले. काही म्हणाले हाच मार्टिन, काही म्हणाले हा शेजारच्या मुलखातला आर्नो द्यू तिल, आणि साठाच्या वर लोकांनी सांगितलं की आम्हाला ठरवता येत नाही. फोटो नाही, अंगठ्याचा ठसा नाही. त्यात गावच्या मोच्याची साक्ष मला फार आवडते. तो म्हणाला, मार्टिनचा पाय बारा मापाचा होता, याचा नऊ मापाचा आहे. बाकी सगळे चेहऱ्याबद्दल, आवाजाबद्दल, लहानपणच्या आठवणींबद्दल बोलत असताना या एकानं आपल्या धंद्यातलं माप सांगितलं. मी साक्षीदारांना नेहमी हेच सांगते, जे तुमच्या हाताला माहीत आहे तेवढंच बोला.

तरीही तूलूझच्या वरिष्ठ कोर्टात प्रकरण आरोपीच्या बाजूनं झुकलं होतं. निकाल द्यायची वेळ आली आणि लाकडी पायाचा एक माणूस दारात येऊन उभा राहिला. खरा मार्टिन. स्पेनच्या सैन्यातून लढताना पाय गमावलेला. आर्नोला 16 सप्टेंबर 1560 रोजी मार्टिनच्याच घरासमोर फाशी दिलं. खटल्याचा अहवाल झां द कोरा या न्यायाधीशानं पुढच्याच वर्षी छापला, म्हणून हे सगळं आपल्यापर्यंत आलं.

आता कोर्टाच्या भाषेत बोलायचं तर मुद्दे काय निघाले? आरोपी हा मार्टिन गेर आहे काय? नसल्यास त्यानं नाव, बायको आणि मालमत्ता लुबाडली काय? काय आदेश? बर्ट्रांडला काय माहीत होतं, कधीपासून माहीत होतं आणि तिला काय हवं होतं, हा मुद्दा कुणी काढलाच नाही. खटल्यात एक प्रसंग आहे. आरोपी तिला सगळ्यांसमक्ष म्हणतो की मी तुझा नवरा नाही असं तू शपथेवर सांग, मी मरण पत्करतो. ती शपथ घेत नाही.

असे क्षण मी साक्षीच्या पिंजऱ्यापाशी पाहिले आहेत. बाई गप्प होते, पदराचं टोक बोटाला गुंडाळते, पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. मग लघुलेखक टाइप करतो, "मला सांगता येणार नाही." चार मिनिटांच्या शांततेची चार शब्दांत नोंद झाली. निकालपत्रात त्याचं आणखी एक वाक्य होतं, "साक्षीदाराने उत्तर देण्याचे टाळले." टाळलं की नाही, कोण जाणे. कोर्टाला तेवढंच पुरतं, आणि पुरायलाच हवं, नाहीतर दावे तुंबतील. कादंबरीकाराची हद्द इथून सुरू होते. लुईसनं ती अचूक ओळखली.

तिची बर्ट्रांड आधी सुखावते. मग तिला खटकू लागतं ते नवऱ्याचं चांगलं वागणं. जुना मार्टिन करडा, बापासारखा ताठ. हा प्रेमळ, मुलात रमणारा. इतकं बदलतं का माणूस? संशय पक्का होतो तेव्हा सगळं घर तिच्याविरुद्ध जातं. नणंदा विनवतात, अगं, कशाला उकरून काढतेस, सुखात आहेस ना? ती ऐकत नाही. खटला जिंकते आणि ज्याच्यासाठी जिंकला तो लाकडी पायाचा नवरा तिच्याकडे तिरस्कारानं पाहतो. पुस्तक जवळपास तिथेच थांबतं. पुढे तिचं काय झालं ते कागदात नाही, म्हणून लुईसनंही रचलं नाही.

यावर मोठा आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. नॅटली झेमन डेव्हिस या इतिहासकार बाईंनी 1983 साली याच खटल्यावर पुस्तक लिहिलं. त्या आधी 1982 च्या फ्रेंच चित्रपटाच्या सल्लागार होत्या. त्यांच्या मते बर्ट्रांड फसलेली नव्हती. तिला बऱ्याच आधीपासून ठाऊक होतं आणि दोघांनी मिळून संसार रचला होता. मलाही हेच संभवनीय वाटतं. तीन वर्षं अंथरुणात कळत नाही आणि मोच्याला पायावरून कळतं, हे कसं मानायचं? पण गंमत पाहा. 1988 मध्ये रॉबर्ट फिनले या इतिहासकारानं डेव्हिसबाईंवर उलट आरोप ठेवला की तुमची बर्ट्रांड कागदात नाही, ती तुम्ही कल्पनेनं उभी केली आहे. कादंबरीकारावर असा ठपका येत नाही, कारण तिनं मुखपृष्ठावरच कबुली दिलेली असते. वस्तुस्थितीबाबत लुईस बहुधा चुकली असेल. हद्दीबाबत ती चुकली नाही.

आपल्याकडे असा खटला नाही काय? पानिपतानंतर सदाशिवराव भाऊंचा तोतया उभा राहिला. नाव सुखनिधान, जातीनं कनोजी ब्राह्मण. रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे त्याला सामील झाले, 1776 मध्ये कोकणात बंड पेटलं, तोतया पकडून पुण्यात आणला, चौकशी झाली आणि देहान्त शासन झालं. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटकही लिहिलं. बंड, फितुरी, नाना फडणीसांची हुशारी, सगळं आपण चघळलं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंना मात्र आपण एका ओळीत आटोपतो, की भाऊ गेले हे त्यांनी मानलं नाही आणि सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. शहरात आपल्या नवऱ्याच्या नावाचा माणूस साखळदंडात आहे, आणि कपाळावर त्याच नवऱ्याचं कुंकू आहे. त्या दिवसांत त्या बाईनं जेवणाच्या ताटावर बसून काय केलं असेल, यावर ऐंशी पानं कुणी का लिहू नयेत? पानिपतची लढाई त्यात नको. ती सगळ्यांना पाठ आहे.

दुसरा खटला रखमाबाईंचा. दादाजी भिकाजींनी 1884 मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला की लहानपणी लग्न झालेली बायको नांदायला यावी. 1885 मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात ते फिरलं, आणि 1887 मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. मी तुरुंगात जाईन, हे रखमाबाईंचं उत्तर प्रसिद्धच आहे. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. यावर चरित्रं आहेत, चित्रपट आहे, आणि शूर मुलीची ही कथा सांगायला कादंबरीकार लागत नाही. रखमाबाई स्वतःच स्पष्ट बोलल्या होत्या. मला कादंबरी हवी आहे ती 1904 ची. त्या वर्षी दादाजी वारले आणि ज्याला नवरा मानायला त्यांनी नकार दिला होता त्याच्यासाठी डॉक्टर रखमाबाईंनी पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. का? लोकलाज म्हणून, रुग्ण बायकांना बरं वाटावं म्हणून, की आणखी काही? कुठल्याही कोर्टात हा मुद्दा निघणार नव्हता.

लेखकांपेक्षा माझी विनंती प्रकाशकांना आहे. असं नव्वद पानांचं हस्तलिखित तुमच्या टेबलावर आलं तर "विषय छान आहे, जरा फुलवा" असं सांगून ते परत पाठवू नका. आहे तसं छापा. किंमत थोडी जास्त ठेवलीत तरी मी दोन प्रती घेईन, एक घरी आणि एक बार रूमच्या कपाटात.